खेळाचा तास मुलांना विचारून कसा घ्यावा

आपल्या प्राथमिक शाळांत खेळाच्या तासाचे दोन प्रकार दिसतात. एकात शिट्टी वाजते, रांगा लागतात, 'एक-दोन-तीन-चार' होतं, हात वर, हात खाली, आणि घंटा. दुसऱ्यात शिक्षक चेंडू बाहेर टाकतात आणि म्हणतात, "जा, खेळा." पहिल्यात मुलांना कोणी काही विचारत नाही, हे उघडच आहे. दुसऱ्यात सगळं मुलांवर सोपवलंय असं वाटतं आणि तिथेच फसगत होते. पाच मिनिटं बाजूला उभं राहून पाहा. चेंडू चौघांच्या पायांत असतो, त्यांच्यामागे आणखी सहा-सात जण धावत असतात आणि उरलेला वर्ग आंब्याखाली नाहीतर व्हरांड्याच्या पायरीवर बसलेला असतो. खेळ कोणता, गडी कोण, लिंबूटिंबू कोण, हे सगळं त्या चौघांनी ठरवलेलं असतं.

या लेखातली पद्धत तिसरी आहे. तास शिक्षकाचाच राहतो, पण त्यातले काही निर्णय खरोखर मुलांचे असतात आणि ते सगळ्या वर्गाचे असतात. डोळ्यांपुढे ठेवली आहे ती गोव्यातली मराठी प्राथमिक शाळा: पहिली ते चौथी, पट थोडका, शिक्षक एक किंवा दोन, दोन इयत्ता एकाच खोलीत आणि वेगळा क्रीडाशिक्षक नाही. पट मोठा असेल तर आकडे तेवढे बदलून घ्या.

एवढा खटाटोप कशाला, असं वाटत असेल तर एक हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वयाच्या मुलांची दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल व्हायला हवी. आठवड्यातल्या एखाद-दोन तासांत ती भरून निघणं शक्यच नाही. म्हणजे मूल संध्याकाळी अंगणात उतरतं की नाही, यावरच सगळं अवलंबून. आणि ते उतरतं ते खेळात आपल्याला जागा आहे असं वाटत असेल तरच. आपण ३५ मिनिटांत घाम किती काढला, यापेक्षा 'खेळ माझाही आहे' हे किती जणांना वाटलं, हे मी जास्त महत्त्वाचं मानतो.

कायद्याचा आधारही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराचं बारावं कलम सांगतं की, मुलाशी संबंधित बाबींत त्याला मत मांडण्याचा हक्क आहे आणि त्या मताला वय आणि समज पाहून वजन दिलं पाहिजे. एकतिसावं कलम खेळाचं आहे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याचं २९वं कलम भीतीमुक्त, कृतीतून होणाऱ्या, बालकेंद्री शिक्षणाची अपेक्षा ठेवतं आणि त्याच्या अनुसूचीत मैदान आणि खेळाचं साहित्य दोन्ही येतात. उद्या कोणी "हे काय नवीन?" म्हणालं तर एवढं पुरे.

आधी ठरवा: काय विचारायचं नाही

बहुतेक जण इथेच घसरतात. "मुलांनो, आज काय करूया?" असा मोकळा प्रश्न टाकतात, मुलं म्हणतात, "समुद्रावर जाऊया," आणि मग "नाही, ते नको" म्हणावं लागतं. एकदा असं झालं की पुढच्या वेळी मुलं विचारलेलं मनावर घेत नाहीत.

म्हणून तासाआधी एका कागदावर तीन रकाने करा. पहिला रकाना तुमचा: मैदानाची हद्द, तासाची वेळ, कोणाला इजा होणार नाही हे पाहणं, आणि प्रत्येकाला खेळायला मिळणं. यावर मतदान नाही. एखाद्याला घ्यायचं की नाही, हे तर कधीच मुलांच्या मतावर सोडू नका. दुसरा रकाना दोघांचा मिळून: नियम, गडी कसे वाटायचे, खेळ किती अवघड करायचा. तिसरा पूर्ण मुलांचा: अंग मोकळं करायला कोणती कृती, गटांची नावं, कोणत्या रंगाच्या फिती, आधी कोणता खेळ आणि मग कोणता.

दुसऱ्या रकान्यात काय काय येऊ शकतं हे सुचत नसेल तर चार गोष्टी आठवा: जागा, काम, साहित्य, गडी. जागा लहान-मोठी करता येते. काम सोपं-अवघड करता येतं. साहित्य बदलता येतं, म्हणजे टेनिसचा चेंडू किंवा चिंध्यांचा, लाकडी बॅट किंवा हाताचा तळवा. गडी कमी-जास्त करता येतात. परदेशात सर्वसमावेशक खेळाच्या प्रशिक्षणात हीच चौकट शिकवतात, पण गल्लीत खेळणारी मुलं ती न शिकताच वापरतात. अंगण अरुंद असलं की 'भिंतीपलीकडे गेला तर आउट' हा नियम कुठल्या पुस्तकातून आलेला नसतो.

हे तीन रकाने मुलांनाही सांगा, अगदी सरळ शब्दांत. "हे मी ठरवणार. हे आपण मिळून ठरवायचं. हे तुम्ही." आठ वर्षांच्या मुलाला ते चांगलं कळतं.

मैदान मुलांबरोबर फिरून पाहा

पहिला संपूर्ण तास यावर घालवला तरी चालेल. मुलांना घेऊन शाळेभोवती एक चक्कर मारा आणि दर थांब्यावर एकच गोष्ट विचारा: इथे खेळायला बरं वाटतं का? नसेल तर का?

आपल्याला जे दिसत नाही ते त्यांना ठाऊक असतं. चिरेबंदी कुंपणाच्या कोपऱ्यात ओंबिले, म्हणजे चावऱ्या तांबड्या मुंग्या, असतात. नळाजवळच्या लादीवर पाऊस गेल्यावरही शेवाळ राहतं. उतारावरून चेंडू थेट शेतात जातो आणि तो आणायला नेहमी धाकट्यांनाच पाठवतात. मोठी मुलं मधली सपाट जागा धरतात, म्हणून पहिली-दुसरीची मुलं मुतारीच्या बाजूला खेळतात. हे शेवटचं कुठल्याही पाहणी अहवालात सापडणार नाही.

परत आल्यावर कार्डबोर्डवर मैदानाचा नकाशा काढा. इमारत, झाडं, विहीर असेल तर ती, फाटक, एवढं तुम्ही काढा. बाकी मुलांना हिरव्या आणि लाल खडूने रंगवू द्या: हिरवं म्हणजे आवडतं, लाल म्हणजे भीती वाटते किंवा टाळतो. जिथे लाल दाट झालंय तिथे काय करता येईल, हा मुलांबरोबरचा पहिला खरा विषय. शेवाळ ब्रशने घासून काढणं, बाहेर आलेले टोकदार चिरे फक्कीने दाखवणं, सपाट जागा वारावारीने वाटून घेणं, ही कामं त्याच आठवड्यात होण्यासारखी आहेत. ती त्याच आठवड्यात करा.

हात वर करायला लावू नका

"कोणाला खो-खो हवा? हात वर!" यात पहिला हात कोणाचा वर जातो ते पाहा आणि मग बाकीचे हात कोणाकडे बघून वर जातात ते पाहा. खुलं मतदान म्हणजे वर्गातल्या दादाचं मत, हजेरीपटाने गुणलेलं.

त्याऐवजी करवंट्या आणि चिंचोके घ्या. तीन करवंट्या दप्तरं ठेवायच्या फळीमागे किंवा कपाटाआड मांडायच्या, प्रत्येकीसमोर एक चित्र: लगोरी, साखळी, दोरीउड्या. प्रत्येक मुलाच्या मुठीत दोन चिंचोके. एकेकाने आत जायचं, टाकायचं, बाहेर यायचं. दोन चिंचोके देण्याचं कारण असं की मूल एक मैत्रिणीसाठी टाकतं आणि दुसरा स्वतःसाठी. एकच दिला तर तो मैत्रिणीच्याच करवंटीत जातो. मोजणी सगळ्यांसमोर, फळ्यावर रेघा मारून. पहिलीच्या मुलांची मोजणीची उजळणीही होते, हा वरकड नफा.

जो खेळ हरला तो संपला असं होऊ देऊ नका. तीन खेळांना अकरा, सहा आणि तीन चिंचोके पडले असतील तर पहिला या आठवड्यात, दुसरा पुढच्या, आणि तिसऱ्याला महिन्यातून एक दिवस. तीन चिंचोके म्हणजे दोन-तीन मुलांना मनापासून हवा असलेला खेळ. तो कधीच येणार नसेल तर त्यांनी चिंचोका टाकायचा कशाला?

पहिली-दुसरीला तीन पर्यायही जड जातात. दोनच द्या आणि मैदानाच्या दोन कोपऱ्यांत धावून उभं राहायला सांगा. इथे एकमेकांकडे बघून धावणं होणारच, पण या वयात पर्याय निवडायची सवय लागणं हीच मोठी गोष्ट. तासानंतर 'आज मी' असं चित्र काढायला लावा. एका मुलाने स्वतःला मैदानाबाहेर, झाडाइतकं लांब काढलं असेल तर त्याने सगळं सांगितलं आहे.

भाषेचंही पाहा. वर्गात मराठी असली तरी घरी कोकणी बोलणारी मुलं बहुतेक शाळांत असतात आणि बांधकामावर किंवा बाजारात काम करणाऱ्या कुटुंबांतली कन्नड, हिंदी बोलणारीही. मत मागताना शुद्ध मराठीचा आग्रह सोडा. "टीचर, म्हाका बॉल मेळनाच" हे वाक्य दुरुस्त करत बसलात तर तक्रार तिथेच विरते. कन्नड बोलणाऱ्या मुलाला खेळून दाखवायला सांगा. नियम हातवाऱ्यांनी छान समजावता येतात.

प्रश्न बदला

"कोणता खेळ आवडतो?" याला बहुतेक ठिकाणी फुटबॉल किंवा क्रिकेट हे उत्तर येतं, कारण मुलांना तेच माहीत असतं, टीव्हीवर तेच दिसतं. कामाचे प्रश्न वेगळे असतात:

– मागच्या तासाला नुसतं उभं कधी राहावं लागलं?
– कोणत्या खेळात वाटतं की आपली पाळी येऊच नये?
– आज कोणाचा चेंडूला हातच लागला नाही?
– कोणता नियम मोठ्यांच्या सोयीचा आहे?

एका वेळी एकच विचारा. उत्तर आलं नाही तर थांबा. शिक्षकांना शांतता सोसवत नाही, आपण लगेच स्वतःच उत्तर सुचवून टाकतो. मनात दहापर्यंत आकडे मोजा, तोवर कोणीतरी बोलतं. आणि कोणी "तुमच्या शिट्टीची भीती वाटते" म्हणालं तर चेहरा बदलू देऊ नका. तेवढ्यासाठीच तर विचारलं होतं.

पहिले निर्णय लहान असू देत

सुरुवात अंग मोकळं करण्यापासून. दर तासाला दोन मुलं पुढे येऊन कृती ठरवतील आणि बाकी करतील. हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावा, म्हणजे लाजऱ्याची पाळी चुकत नाही आणि धीटाला दोनदा मिळत नाही. लाजऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा, बरोबर एक मित्र घेऊ द्या. बेडूकउड्या, खेकड्यासारखं आडवं चालणं, बगळ्यासारखं एका पायावर उभं राहणं, मुलं काय वाटेल ते आणतात. मान गोल फिरवणं आणि गुडघ्यांना झटके देणं एवढं टाळायला सांगा.

हे अंगवळणी पडलं की दोन खेळांतून एक निवडणं. मग गटवाटणी. दोन कप्तानांनी आळीपाळीने गडी निवडायची पद्धत मात्र बंद करा, मुलांनी मागितली तरी. शेवटी उरणाऱ्याला दर वेळी सगळ्यांसमोर कळतं की आपण कोणालाच नकोत. चिठ्ठ्या, रंगीत फिती, वाढदिवसाचा महिना, यांतून कसं वाटायचं ते मुलांना ठरवू दे.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत: मुलांना वापरून घेणं, सजावटीला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. आपल्या स्नेहसंमेलनांतल्या कवायती आठवल्या की दुसरी पायरी लगेच ओळखू येते. प्राथमिकच्या खेळाच्या तासाला शिडीच्या टोकापर्यंत जाण्याची गरज नाही. शिक्षकाने सुरू केलेलं आणि मुलांबरोबर ठरवलेलं, एवढं मधल्या उंचीवर पोचलं तरी पुष्कळ.

नियम मुलांना बदलू द्या: खो-खोचं उदाहरण

इथे थोडं थांबतो, कारण सगळी गंमत इथेच आहे.

तिसरी-चौथीची मिळून वीस मुलं आहेत असं धरू. नियमाप्रमाणे खो-खोत आठ जण बसतात, एक पाठलाग करतो. वीस जणांत एकच डाव मांडला तर बरीच मुलं बाहेर बसून राहतात. म्हणून दोन लहान डाव: प्रत्येकी पाच बसलेले, एक पाठलाग करणारा, चार पळणारे. खांबांच्या जागी जमिनीवर स्कूटरचे जुने टायर. पाटी फक्कीने आखलेली.

दहा मिनिटांनी थांबवा आणि विचारा: आज कोणाला एकदाही खो मिळाला नाही? दोन-तीन हात हळूच वर येतात. ही मुलं संपूर्ण डाव उकिडवी बसलेली असतात, सावध, तयार, आणि कोणी पाठीला हात लावतच नाही. कारण पाठलाग करणारा आपल्या दोस्तालाच खो देतो, नाहीतर सगळ्यांत वेगवान मुलाला. शिक्षकाच्या जागेवरून हे दिसत नाही. तिथून सगळे खेळताना दिसतात.

आता उपाय तुम्ही सांगू नका. "मग काय करूया?" एवढंच म्हणा. बहुधा पहिली सूचना येते ती 'सगळ्यांना खो द्यायचाच' अशी. कसं लक्षात ठेवायचं? कोणीतरी म्हणतं, फिती लावूया. बसलेल्या पाचही जणांच्या कमरेला फीत, खो मिळाला की फीत काढायची आणि सगळ्यांच्या फिती सुटेपर्यंत कोणालाही दुसरा खो नाही. ठीक. पाच मिनिटं खेळून पाहा.

खेळताना एक गोची होते. चार फिती सुटल्या, एकच उरली, की पळणाऱ्याला आधीच कळतं खो कुठून उठणार, आणि तो सरळ उलट्या टोकाला जाऊन निवांत उभा राहतो. मुलं चिडतात. हा सोन्यासारखा क्षण आहे, मध्ये पडू नका. वाद घालू द्या. 'दोन फिती उरल्या की सगळ्यांनी पुन्हा लावायच्या' इथपर्यंत ती पोचतात, किंवा आणखी वेगळं काही काढतात. पण दोन फितींच्या नियमात कोणीतरी दोघं पुन्हा वगळली जाऊ शकतात, हेही कोणाच्या तरी लक्षात येतं. मग 'उरलेल्या दोघांपैकी एकाने पुढचा पाठलाग सुरू करायचा' अशी भर पडते. एका तासात मुलांनी न्याय, डावपेच आणि खेळाची रंगत या तिन्हींचा विचार केलेला असतो, तोही धावताधावता.

नियम बदलताना तीन अटी घाला. बदल एका वेळी एकच. खेळून पाहिल्याशिवाय पक्का नाही. आणि डाव चालू असताना बदल नाही, नाहीतर हरणारा गट दर मिनिटाला 'टाइम प्लीज' म्हणत नियम बदलायला येईल. पक्का झालेला नियम एका वहीत मुलांच्याच अक्षरात लिहून ठेवा.

मूळ नियमही शिकवायचे का? हो, चौथीत नक्की. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताच्या पुरुष आणि महिला, दोन्ही संघांनी तो जिंकला. मुलांना खरा खेळ कसा असतो हे माहीत असावं. आपला नियम आणि मोठ्यांचा नियम वेगळा का, हे सांगता येणाऱ्या मुलाला खेळ जास्त कळलेला असतो.

तिरकी दोरी

मत फक्त बोलूनच द्यायचं असतं असं नाही. मूल किती अवघड काम घेतं, हीसुद्धा त्याची निवड आहे, आणि ती चर्चेत एक मिनिटही न घालवता देता येते.

क्रीडाशिक्षणात मस्का मॉस्टन यांचं तिरक्या दोरीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. उंच उडीची दोरी आडवी धरली की ती जसजशी वर जाते तसतशी मुलं बाद होत जातात, आणि ज्यांना सरावाची सर्वांत जास्त गरज ती सर्वांत आधी बसतात. दोरी तिरकी धरा: एक टोक जमिनीला टेकलेलं, दुसरं गुडघ्याच्या उंचीवर. आता प्रत्येकाने आपल्याला हवी तिथून उडी मारायची. कोणीही बाद नाही. काथ्याची दोरी चालेल, पण बांधू नका. दोन मुलांनी सैल हातात धरायची, म्हणजे पाय अडकला तर दोरी सुटते. पडायची जागा मातीची किंवा वाळूची हवी, लादीची नको.

दोन-तीन उड्यांनंतर एवढंच विचारा: "आता तिथेच, की सरकणार?" बहुतेक मुलं स्वतःहून वरच्या बाजूला सरकतात. एखादं दाखवण्यासाठी एकदम टोकाला जातं, पडतं आणि मुकाट्याने मधे येतं. तुम्हाला बोलावं लागत नाही.

हेच लगोरीत करा. तीन रेघा मारा, साधारण तीन, चार आणि पाच मीटरवर. नेमबाजाने आपली रेघ निवडायची. कौलांच्या तुकड्यांना धार असते, त्यापेक्षा सपाट लाकडी चकत्या बऱ्या. चेंडू मऊ आणि मारायचा तो कमरेखाली, हा मात्र पहिल्या रकान्यातला नियम.

फुटबॉलचं काय करायचं

ब्रह्मानंद शंखवाळकर आणि ब्रूनो कुतिन्हो यांच्या गोव्यात मुलांना फुटबॉल नको म्हणणं शोभणारही नाही आणि जमणारही नाही. त्याला बंदी नको, लगाम हवा. अकरा-अकराचा खेळ प्राथमिकला निरर्थक आहे, त्यात चेंडू दोघा-तिघांकडेच फिरतो. चार-चार जणांचे संघ, गोली नाही, गोल म्हणजे दोन करवंट्यांमधली दोन पावलांची जागा, मैदान लहान. एकाच वेळी दोन-तीन सामने चालतात आणि चेंडू प्रत्येकाच्या पायाला लागतो.

मुलींना "तुम्हाला काय हवं?" विचारलं तर अनेकदा "काही नको, आम्ही बसतो" असं येतं. ते मत म्हणून लिहून घेऊन मोकळं होऊ नका. चारदा पाय तुडवले गेले, एकदा कोणी हसलं, की कोणीही बसणंच पसंत करेल. आधी फक्त मुलींचे चार-चारचे दोन संघ करून चेंडू हातात द्या, पाय बसू द्या, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा विचारा. कधीच न चाखलेल्या गोष्टीबद्दल मत विचारण्यात अर्थ नसतो.

पावसाचे चार महिने

जून ते सप्टेंबर आपलं मैदान म्हणजे लाल चिखल. त्या काळात खेळाचा तास सरळ रद्द होतो किंवा गणिताला जातो. मुलांचा हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत खरा गाऱ्हाण्याचा विषय असतो आणि त्यात ती बरोबर असतात. तास काढून घेणं ही शिक्षा म्हणून वापरत असाल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, आधी ते थांबवा.

शाळा सुरू होताच पहिल्या आठवड्यात मुलांबरोबर 'पावसाची पेटी' भरा. खोलीत किंवा व्हरांड्यात काय खेळता येईल ते प्रत्येकाने घरी आजीला, आईला विचारून यायचं आणि चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. सागरगोटे, फुगडी, आंधळी कोशिंबीर, रुमाल लपवणं, असं बरंच येतं. शिगम्यात गोफ पाहिलेल्या मुलांना गोफ हवाच असतो: मधे उभ्या धरलेल्या बांबूला ओढण्या बांधायच्या, जोडीच्या संख्येने मुलं, विणायचा आणि उलट्या पावलांनी सोडवायचा. ताल, दिशा आणि सहकार्य यांचा याहून चांगला व्यायाम मला माहीत नाही. पावलं कोणती घ्यायची ते मुलांवर सोडा.

'खेलो इंडिया'च्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत लहान वर्गांसाठी एका पायावर तोल सांभाळणं आणि दोन चकत्यांवर एका हाताने आळीपाळीने थापा मारणं या कृती आहेत. पेटीत त्याही घाला. मुलांनी स्वतःचीच आधीची वेळ मोडायची, शेजाऱ्याची नाही.

पेटीतली चिठ्ठी काढताच दोन प्रश्न: बाकं कुठे सरकवायची आणि लादी ओली आहे का? हे तपासायचं काम दर आठवड्याला दोन मुलांकडे द्या. ओली लादी असेल तर धावण्याची चिठ्ठी परत पेटीत. ऑक्टोबरात परतीच्या पावसात ढग गडगडले की मैदानावरून सगळे आत, हे तुमच्या रकान्यात.

विचारलंत, आता उत्तर द्या

बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या प्राध्यापक लॉरा लुंडी यांनी २००७ मध्ये बालहक्क कराराच्या बाराव्या कलमाचा अर्थ चार भागांत मांडला: मत द्यायला जागा, ते मांडायला मदत, ऐकणारं माणूस, आणि त्या मताचा परिणाम. पहिले तीन भाग शाळांत कसेबसे होतात. चौथा राहून जातो.

त्यासाठी वर्गाच्या दाराजवळ एक पुठ्ठा लावा. दोन रकाने: 'विचारलं' आणि 'केलं'. डावीकडे मुलांचं म्हणणं, उजवीकडे तुमचं उत्तर, आणि उत्तर तीनच प्रकारचं. 'हो' आणि कधीपासून. 'अजून नाही' आणि कशासाठी थांबलोय. 'नाही' आणि का. "बघूया" हा शब्द पुठ्ठ्यावर नको. मुलं 'नाही' पचवतात, दिलेलं कारण पटलं नाही तर वादही घालतात, पण "बघूया"चा अर्थ त्यांना पक्का माहीत असतो.

पुढच्या तासाची पहिली दोन-तीन मिनिटं पुठ्ठ्यासाठी, शेवटची चार-पाच नव्या प्रश्नासाठी, मधला सगळा वेळ खेळायला. बोलण्यात दहा मिनिटं गेली की मुलं कंटाळतात आणि त्यांचं बरोबरच आहे.

न खेळणारं मूल

"हांव खेळना" म्हणणाऱ्या मुलाला लगेच पंच करून टाकण्याची आपली सवय असते. एखाद्या दिवशी ठीक आहे. पण तेच मूल दर तासाला गुण लिहीत बसलं असेल तर आपण त्याला सभ्यपणे बाहेर काढलं आहे. खेळ सुटल्यावर, एकट्याला, चालताचालता विचारा. बूट घट्ट झालेले असतात, सकाळी काही खाल्लेलं नसतं, कोणीतरी नावं ठेवलेली असतात, दमा असतो आणि ते सांगायला लाज वाटते. यातलं काहीच वर्गासमोर निघणार नाही.

अपंगत्व असलेल्या मुलाच्या बाबतीत 'त्याच्यासाठी काय बदलायचं' हे वर्गाने त्याच्या गैरहजेरीत ठरवू नये. आधी त्याला विचारा, मग त्याची हरकत नसेल तर वर्गाला. कमी दिसणाऱ्या मुलासाठी चेंडूत घुंगरू घालायचं सुचलं तर तो चेंडू सगळ्यांनी वापरायचा.

टाचण, पाहणी आणि पालक

पाठाच्या टाचणात एक ओळ वाढवा: 'आजचा मुलांचा निर्णय'. उदाहरणार्थ: 'खो-खोत फितींचा नियम, मुलांनी सुचवला, दोन फितींवर बदलला.' भागशिक्षणाधिकारी पाहणीला आले तर ही ओळ, नियमांची वही आणि दाराजवळचा पुठ्ठा, तिन्ही दाखवा.

पालक "नुसतं खेळवतात" म्हणतील. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत भाषण देऊ नका. २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन असतो, मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस. त्या दिवशी पालकांना बोलवा आणि मुलांना त्यांनी बनवलेला एक खेळ पालकांना शिकवू दे. नियम मुलं सांगतील, पंच मुलं असतील आणि गडी पालक. पाऊस असला तर पेटीतला खेळ.

एकशिक्षकी शाळेत चारही इयत्ता एकत्र असतात. तिथे चौथीच्या दोघांना पहिलीच्या चौघांबरोबर जोडा आणि चौथीच्या मुलांना एकच प्रश्न द्या: यांना मजा येईल असा कोणता बदल करशील? पहिलीची मुलं हसली की नाही, यावरून निकाल लगेच लागतो. बदली होऊन तुम्ही दुसऱ्या शाळेत गेलात तर नियमांची वही आणि मैदानाचा नकाशा कपाटात ठेवून जा, नव्या शिक्षकांना कुठे ठेवलंय ते सांगा, आणि चौथी सुटण्याआधी तिसरीच्या मुलांकडून वहीतले नियम एकदा खेळवून घ्या.